चार अक्षरांची दवंडी

२ मे

धक्क्यावर आज सभा झाली. सभा म्हणजे काय, पाच-सात नाववाले, मी, आणि बंद तिकीटखिडकीपुढे झोपलेलं मांजर. संघाचे अध्यक्ष अण्णा एका पालथ्या होडीवर बसले होते. साथ सुरू झाल्यापासून नावा बंद आहेत, लॉजवाल्यांनी कुलपं लावली आहेत, आणि तरी माणसं येताहेत. शहरात शाळा बंद, कचेऱ्या बंद. घरात जीव आंबला की लोक गाडी काढतात आणि आमच्या तलावाकाठी येतात. चटया पसरतात, पाण्यात पाय सोडतात, कागदी पेले मागे ठेवून जातात. गावात दवाखाना एक, तोही खोकल्याचं औषध देण्यापुरता. मोठं इस्पितळ तलावापलीकडे.

"काका," अण्णा म्हणाले, "कर्णा तुमच्याच आवाजाला ओळखतो. तुम्ही सांगा त्यांना, परत जा म्हणून. आम्ही सांगितलं की हमरीतुमरी होते."

तिकीटखिडकीच्या माडीवरून मी उभा जन्म घोषणा केल्या. निवृत्त झालो तेव्हा किल्ल्या, शिक्का, टेबलाचा खण सगळं जमा करून घेतलं. आवाज तेवढा माझ्याकडे राहिला. तो कुणीतरी परत मागितला, याचं मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

घरी येऊन आक्काला सांगितलं. आक्का माझी थोरली बहीण. नाववाल्यांची लाइफ जॅकेटं तीच दुरुस्त करते, उसवलेले बंद, तुटलेले पट्टे. सध्या ते काम नाही म्हणून घरातल्या धडधाकट उशा उसवून पुन्हा शिवत बसलीय. मान वर न करता म्हणाली, "त्यात एवढं काय सांगायचं? 'येऊ नका' म्हण. चार अक्षरं आहेत."

"असं तोडून बोलतात का पाहुण्यांशी?"

"मग गाऊन दाखव."

तिनं टोमणा मारला होता. मला मात्र कल्पना आवडली.

३ मे

पहाटेपर्यंत चार ओळी जमल्या. मात्रा चोख. शाळेत आम्ही सगळी मुलं एका सुरात कविता म्हणायचो तेव्हा बाकं थरथरायची, शेजारच्या वर्गातले मास्तर गणित थांबवून ऐकायचे. आक्काची शाळा माझ्यापायी सुटली. आई कामाला जायची, मला कोण सांभाळणार? मी शाळेत जाऊ लागलो, तोवर तिची परत जायची वेळ टळून गेली होती. मग संध्याकाळी मी तिला कविता म्हणून दाखवायचो आणि ती भांडी घासता घासता सांगायची, "इथे एक मात्रा सांडलास." तिचा कान अजून तसाच आहे. म्हणून आधी तिलाच ऐकवलं:

*पाहुण्यांनो, परतुन जा हो, तळे जरासे निजले आहे,*
*उंबरठ्यावर दिवा आमचा तुमच्यासाठी जागत राहे.*
*लाट म्हणाली, 'गेले कोठे?' तिला सांगतो, 'येतिल परतुन',*
*आज नको हो, आज नको हो, पुन्हा हाक मी देइन येथुन.*

आक्कानं दोरा दातानं तोडला. "मात्रा बरोबर आहेत," म्हणाली. "पण धाकट्या, ही हाकलायची कविता आहे की बोलवायची?"

मी हसलो. हसण्यावारी नेलं.

अकराच्या सुमारास माडीवर गेलो. कर्ण्यानं आधी शीळ घातली, मग माझा आवाज पाण्यावरून पार पलीकडे गेला आणि डोंगराला टेकून परत आला. माणसं उठून उभी राहिली. दोनदा म्हटली. दुसऱ्यांदा टाळ्या पडल्या. एक वृद्ध जोडपं मात्र चटई गुंडाळून, माझ्या खिडकीकडे बघून हात जोडून खरोखर निघून गेलं. म्हटलं, झालं की काम! शब्दानं माणूस वळतो. बाकीचे वळले नाहीत, पण त्यांचंही मन हललं असणार.

६ मे

गर्दी वाढली. अण्णा म्हणतात, सुट्टीमुळे. मला वाटतं, उकाड्यामुळे.

कुणा मुलीनं माझी घोषणा फोनवर टिपून सगळीकडे पाठवली म्हणे. आज खिडकीखाली दहा-बारा जण उभे होते आणि "आजोबा, ते लाट म्हणाली म्हणा ना" असं ओरडत होते. टोपी घातलेल्या एका गृहस्थानं तर शाळेतली शपथ म्हणावी तसा उजवा हात पुढे करून सगळी कविता पाठ म्हणून दाखवली. एकदाही अडखळला नाही. डोळे भरून आले. आजच्या दिवसांत कोण कविता पाठ करतं?

मी खाली उतरलो. दोनच मिनिटं. फोटोसाठी त्यांनी तोंडावरचं फडकं काढायला सांगितलं, ते मी हनुवटीखाली ओढलं. चेहऱ्याशिवाय कविता म्हणणं म्हणजे पडद्याआडून मिठी मारणं.

सूनबाईला हे कळलं. सूनबाई गावच्या दवाखान्यात नर्स आहे. माझा मुलगा जहाजावर, कुठल्याशा बंदरात अडकलाय. साथ आल्यापासून ती मागच्या खोलीत वेगळी राहते. आमचं जेवण दाराबाहेर स्टुलावर ठेवते, कडी वाजवते आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहते. आज तिथूनच म्हणाली, "बाबा, मी आत्यांना महिनाभर हात लावलेला नाही. त्यांची छाती कशी आहे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गर्दीत उतरू नका."

"मी लांबच उभा होतो."

"फोटो बघितला मी," ती म्हणाली आणि गेली. फटकळ नाही ती. म्हणूनच लागलं.

९ मे

एक आख्खी बस आली. बसवर कापड लावलं होतं, त्यावर रंगानं लिहिलं होतं: 'पुन्हा हाक मी देइन येथुन.' माझी ओळ! बसवर!

अण्णा माडीच्या जिन्यावर धापा टाकत आले. "काका, तुम्ही यांना हाकलताय की अक्षता देताय?"

"अण्णा, त्यात परत जा असं स्पष्ट आहे. पहिल्याच ओळीत."

"पहिली ओळ ऐकतो कोण? यांना तुमचा दिवा दिसतोय, उंबऱ्यावरचा. दिवा बघायला आलेत सगळे." त्यांनी कर्ण्याची तार काढली आणि गुंडाळून खांद्यावर टाकली. "उद्यापासून बंद. मी पाटी लावतो."

तार घेऊन उतरले तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार वाईट विचार आले. ते इथे लिहीत नाही. आक्काला म्हटलं, या गावाला कवितेचं वावडं आहे. ती म्हणाली, "गावाला खोकल्याचं वावडं आहे."

१० मे

आज जे केलं ते लिहावं की नाही, असा विचार करत बसलोय. लिहितो. इथे नाही लिहायचं तर कुठे?

कर्णा बंद म्हटल्यावर मी घरी बसायला हवं होतं. संध्याकाळी पाय आपोआप धक्क्याकडे वळले. टोपीवाला गृहस्थ पुन्हा आला होता, या वेळी भाऊ-भावजयांना घेऊन. म्हणाला, "यांना खास तुमच्यासाठी आणलंय, निराश करू नका." मग मी पालथ्या होडीवर उभा राहिलो आणि कर्ण्याशिवाय म्हटलं. कर्णा नाही म्हणून माणसं जवळ आली. आवाज पोचेना म्हणून आणखी जवळ आली. मग ती सगळी माझ्याबरोबर म्हणू लागली, एका सुरात, अगदी वर्गासारखी. खालची होडी थरथरली. मी सातवीतला झालो होतो.

कुणी पाठ थोपटली, कुणी हात हातात घेतला. एक बाई रडत होती. तोंडावर फडकं कुणाच्याच नव्हतं, माझ्याही नाही.

घरी आलो तर आक्का चहाला थांबली होती. आमचा चहा लहानपणापासून एकाच कपात. घरात धड असा कप एकच होता तेव्हाची सवय. आधी मी, मग ती. तिची जीभ भाजते म्हणून ती म्हणते, तू निववून दे. निववून दिला.

१३ मे

घसा बसलाय. उघड्यावर ओरडल्याचा परिणाम. गुळण्या चालू आहेत.

सूनबाईनं स्वयंपाकातलं लक्ष काढलंय. भाजीत मीठ नाही, वरणाला चव नाही, नुसतं ऊन पाणी. परवाच्या बोलण्याचा राग असा काढायचा? आक्काला विचारलं तर ती म्हणे, मीठ बेताचं आहे. म्हणजे तीही सुनेच्या बाजूची. आक्कानं जेवण संपवलं, मी ताट सरकवलं.

साबणसुद्धा हल्ली बिनवासाचे काढतात. काय काय म्हणून स्वस्त करणार!

१४ मे

अंग मोडून आलंय. दिवसभर पडून होतो. आक्का उशाशी बसून शिवत होती. मधूनमधून हात लावून कपाळ बघायची. मला त्या हाताखाली फार शांत झोप लागते, साठ वर्षं झाली तरी.

१६ मे

आक्का खोकतेय.

"धूळ गेली घशात, उशीतली," म्हणाली. उशा तिनं गेल्याच आठवड्यात शिवून संपवल्या.

१८ मे

आज सकाळी आक्काला नावेनं पलीकडे नेलं. बंद नावांपैकी एक अण्णांनी स्वतः पाण्यात ओढली. ओठ निळसर झाले होते, तरी धक्क्याच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता उतरली. अण्णांनी जाकीट पुढे केलं. तिनं घालायच्या आधी बंद उलटसुलट करून पाहिले. "माझंच आहे," म्हणाली, "टिकेल." मग मला, "धाकट्या, दुधाखालचा गॅस बंद कर." गॅस मी पेटवलाच नव्हता.

सूनबाई तिच्याबरोबर नावेत बसली, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. परत आल्यावर तिनं माझ्याही नाकात काडी घातली. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, घसा बसला होता तो आता उघडलाय. ती म्हणाली, "हो बाबा."

१९ मे

मलाही आहे. होतं, असं सूनबाई म्हणाली. "तुमचं उतरत आलंय."

घराबाहेर राहायचं म्हणून माझी रवानगी तिकीटखिडकीच्या माडीवर झाली. नावा बंद, माडी रिकामी. खाट, पाण्याचा माठ, ही वही. टेबलावर माईक आहे. काल पलीकडे निरोप द्यायला लागेल म्हणून अण्णांनी तार परत जोडली होती, ती तशीच आहे.

खिडकीतून समोरचा काठ दिसतो. इस्पितळाची पिवळी भिंत, त्यात खिडक्या. कुठली आक्काची ते मी मनानं ठरवून टाकलंय. उजवीकडून तिसरी.

पाण्याकाठी आजही चटया आहेत. पाटीला टेकून एकानं सायकल लावलीय.

२१ मे

विचार करून डोकं शिणलं. आक्काला हे कुठून लागलं? मला वाटतं, जाकिटांमुळे. शेकडो लोक ती अंगात घालतात, घाम, खोकला, सगळं त्यात मुरतं, आणि ही बाई तीच मांडीवर घेऊन शिवते. मी तिला कितीदा सांगितलंय, हातमोजे घाल.

संध्याकाळी सूनबाई डबा ठेवायला आली तेव्हा मी खिडकीतून हे तिला सांगितलं. ती खाली उभी होती.

"जाकिटं दोन महिने कुलपात आहेत, बाबा," मग म्हणाली. "किल्ली अण्णांकडे आहे."

आणि रिकामा डबा घेऊन गेली.

२२ मे

काल रात्रभर ते वाक्य. आक्का उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. सूनबाई अंगणाच्या टोकाला. घरातून बाहेर जाऊन परत येणारा माणूस एकच होता.

अळणी भाजी. बिनवासाचा साबण. मी मनातल्या मनात तिच्यावर डाफरलो होतो, आणि ती स्टुलावर जेवण ठेवून अंगणाच्या टोकाला उभी होती. तिला तेव्हाच कळलं असेल का? कळलं असतं तर तिनं आक्काला माझ्यापासून लांब केलं असतं. की मी ताट सरकवलं हे तिला कुणी सांगितलंच नाही?

आणि तो कप. आधी मी, मग ती. निववून दिलेला.

आज जेवलो नाही. चव परत आलीय, हे किती वाईट आहे!

२४ मे

माडीच्या खिडकीतून खालचं सगळं ऐकू येतं. दूधवाला आणि दुकानदार उभे होते.

"म्हातारीला सुनेनंच दिलं," दुकानदार म्हणाला. "दवाखान्यातून आणलं घरात."

"ती तर स्वतःच सांगते तसं. मी विचारलं तोंडावर. म्हणाली, माझ्याकडूनच आलं असेल."

"मग दूध घालतोस की काय तिला?"

"छे, आजपासून बंद केलं."

मी खिडकीत उभा होतो. तोंड उघडलं असतं तर वाक्य त्यांच्या डोक्यावर पडलं असतं, इतके ते जवळ होते. माझा आवाज तलाव ओलांडतो अशी ख्याती. खिडकीची चौकट मात्र तो ओलांडेना. मी मागे सरकलो, आणि आपली सावली दिसू नये म्हणून खाटेवर बसलो.

२५ मे

सूनबाईला विचारलं, "तू असं का सांगितलंस लोकांना?"

"विचारत होते. काहीतरी सांगायला हवं होतं."

"पण ते खरं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. उन्हानं डोळे बारीक झाले होते, की थकव्यानं. "तुम्हाला या गावात रोज धक्क्यावर बसायचं असतं, बाबा. मला काय, मी दवाखान्यातलीच. लोक आधीच चार हात लांब असतात." मग डबा ठेवत म्हणाली, "आज एका आजोबांनी माझ्या हातचं इंजेक्शन घेतलं नाही. ताप होता, तरी उठून गेले. तेवढंच जरा वाईट वाटलं."

तिच्या चपलेचा अंगठा तुटलाय. घरी आक्का असती तर केव्हाच शिवून दिला असता.

मी अजूनही कुणाला काही सांगितलेलं नाही. कारणं शोधतोय आणि सगळी सापडताहेत: आक्काला कळलं तर धक्का बसेल, माणसं आणखी चिडतील, मुलगा लांब आहे. एकेक कारण घासूनपुसून ठेवतोय. मला खरं कारण माहीत आहे. त्या संध्याकाळी होडीवर मी जितका सुखात होतो तितका गेल्या कित्येक वर्षांत नव्हतो, आणि ते सुख कुणी माझ्या हातून काढून बघू नये, एवढंच.

२७ मे

इस्पितळातल्या नर्सनं फोन आक्काच्या कानाला लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला, करवतीसारखा. मग ती.

"खिडकी... उघडी असते इथे."

"बरं. वारा लागतो का?"

"कर्णा... ऐकू येत नाही." थांबली. "बंद केला का?"

मी म्हटलं, हो, लोक ऐकत नव्हते.

बराच वेळ करवत चालू राहिली. मग म्हणाली, "सांगितलं... कुठे होतंस?"

नर्सनं फोन घेतला. बोलणं पुरे, म्हणाली.

२८ मे

सकाळी वारा पडला होता. पाणी आरशासारखं. अशा दिवशी आवाज पलीकडे जातो.

काठावर बरीच माणसं होती. टोपीवाला असेल नसेल, पाहिलं नाही. माईकपुढे बसलो. वही बाजूला सारली, कारण वही पुढे असली की मला मात्रा सुचतात. जे बोललो ते आठवून लिहितोय:

"मी तिकीटखिडकीवरचा म्हातारा बोलतोय. येऊ नका. मागे मी जी कविता म्हटली ती विसरून जा. इथे माणसं आजारी पडताहेत. माझी बहीण पलीकडच्या इस्पितळात आहे. तिला हे माझ्याकडून लागलं. मी गर्दीत गेलो, उघड्या तोंडानं गेलो, आणि घरी येऊन तिच्या कपातला चहा प्यायलो. माझ्या सुनेनं घरात काही आणलेलं नाही. मी आणलं. दूधवाले, दुकानदार, सगळ्यांनी ऐका. मी आणलं. येऊ नका."

टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी मुलाला हाक मारली, गाडीचं दार वाजलं. मग आणखी एक. मी टेबलावर डोकं ठेवलं.

माईकचं बटण बंद करायचं राहून गेलं होतं. ते अण्णांनी येऊन बंद केलं. "पुढचंही ऐकलं सगळ्यांनी," म्हणाले. काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जिना उतरताना मात्र वळून म्हणाले, "तार मी काढत नाही. उद्या पुन्हा सांगा."

२९ मे

पुन्हा सांगितलं. तेवढंच, तसंच. आजच्या चटया मोजक्या.

दुकानदारानं खिडकीकडे पाहिलं आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेला. बरोबर आहे.

सूनबाई डबा घेऊन आली, ठेवला, आणि नेहमीसारखी मागे न सरकता तिथेच पायरीवर बसली. उठताना म्हणाली, "दूध आलं आज." दोन पावलं गेली आणि थांबली. "तुम्ही मला विचारायला हवं होतं, बाबा. सगळ्या गावासमोर माझं नाव काढण्याआधी."

मला वाटलं होतं, ती हलकी होईल.

३ जून

नर्सचा फोन. आक्काचा निरोप आहे म्हणाली, शब्दशः सांगते: "ऐकू येतं. रोज म्हण. सांडत नाहीस आता." नर्सनं विचारलं, काय सांडत नाही? मी म्हटलं, आमच्यातलं आहे.

१७ जून

आक्का घरी आली.

नावेतून उतरायला तिला दोन माणसं लागली. कोपरापासूनचा हात केवढासा झालाय! डॉक्टरांनी सूनबाईला सगळं समजावून सांगितलं, फुप्फुसाचं, प्राणवायूच्या यंत्राचं, की आता याहून फार सुधारणार नाही. सूनबाईनं मला थोडक्यात सांगितलं. थोडक्यातच सगळं आहे. आक्का एका श्वासात थोडंच बोलू शकते, मग थांबून दुसरा श्वास गोळा करते.

ती खाटेवर टेकली. मी दोन कप चहा केला. दोन वेगळे, गरम पाण्यानं धुतलेले, पुढ्यात ठेवले. तिनं एक कप बोटानं माझ्याकडे परत सरकवला.

"एक पुरे."

मी नाही म्हणालो. सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई म्हणाली, तुमचं दोघांचंही आता होऊन गेलंय, आणि आत गेली.

एकच ठेवला. आता आधी ती, मग मी. निवेपर्यंत मी हातात धरून बसतो.

३० जून

अक्षरं मोजायची माझी जन्माची खोड. मोजायची नाहीत असं रोज ठरवतो.

दिवा लाव. दोरा ओव. बस इथे. जेवलास?

चार. तिचा श्वास चारावर संपतो. पाचव्या अक्षराला तिचा हात छातीशी जातो आणि खिडकीबाहेर बघत ती वाट पाहते. मी मुक्या माणसासारखा समोर बसून राहतो. ज्या मुलीनं माझ्यासाठी शाळा सोडली, तिला मी शेवटी एवढीच ओळ ठेवली.

एकदा धीर करून म्हटलं, "आक्का, माझ्यामुळे झालं."

तिनं सुई उशीत टोचली. श्वास घेतला. "पुरे आता."

पुरे, म्हणजे ते प्रकरण मिटलं? की पुरे, म्हणजे त्यातही रंगून जाऊ नकोस? विचारलं नाही. उत्तर द्यायला तिला किती श्वास लागले असते!

२२ ऑक्टोबर

साथ ओसरली. सरकारी हुकूम आला, पुढच्या आठवड्यात नावा सुरू. धक्क्यावर रंगाचा वास आहे, होड्या उलथून सरळ केल्या आहेत. अण्णांनी कुलपातली जाकिटं आक्काकडे आणून टाकली. घरभर नारिंगी ढीग.

जाता जाता दारात घुटमळले. "काका, पहिल्या दिवशी कर्ण्यावर काहीतरी म्हणाल का? लोक विचारताहेत, ते आजोबा आहेत का म्हणून. आपल्या पोरांनाही वर्षाचा घास मिळवायचाय."

"मला नाही जमायचं," मी म्हटलं. "दुसरा कुणीतरी बघा."

अण्णा आक्काकडे बघत उभे राहिले. मीही. ती जाकीट मांडीवर घेऊन बंद ओढून पाहत होती, टिकतो का. डोकं वर केलं नाही.

"येऊ देत."

मग हात छातीशी गेला. ती खिडकीबाहेर बघू लागली, जिथून पाणी दिसतं. पुढे काही बोलेल म्हणून आम्ही दोघंही थांबलो. श्वास आला, स्थिरावला. बोलायचं तेवढंच होतं.

अण्णा हळूच निघून गेले. मी बोटांवर मोजत होतो, ते तिनं पाहिलं. माझा हात धरून मूठ मिटली आणि मुठीत सुई-दोरा दिला. तिची नजर आता सुईच्या नेढ्यावर ठरत नाही. माझीही ठरत नव्हती. दोनदा दोरा बाहेरूनच गेला, तिसऱ्यांदा ओवला गेला. तिनं हात पुढे केला.